यादी की हुकूम? : डिव्हाइस ट्रीचा इतिहास आणि स्वच्छ वर्णनाचा आग्रह

१/ २०१९ साली लिनक्सवर चालणाऱ्या अनेक छोट्या संगणक-बोर्डांचे नेटवर्क एकाएकी बंद पडले. तार तीच, बोर्ड तोच, चिपही तीच होती. बदलले होते ते केवळ कर्नलमधील एका ड्रायव्हरचे वर्तन. शोध घेता ध्यानात आले, की ड्रायव्हर पूर्वी जो मजकूर नीट पाळत नव्हता, तो आता शब्दशः पाळू लागला होता. आणि नेमका तो मजकूरच खोटा होता. कित्येक वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेला आणि ‘चालते आहे’ म्हणून पुन्हा कुणी न तपासलेला.

२/ त्या मजकुराचे नाव डिव्हाइस ट्री. बोर्डावर कोणती चिप कुठे बसवली आहे, ती कोणत्या पत्त्यावर उत्तर देते, तिला वीज कुठून मिळते, याचे वर्णन करणारी ही साधी मजकुराची फाइल. प्रोग्रामर मंडळींत तिला फारसा मान नाही. खरे काम ड्रायव्हरमध्ये, वर्णनफाइल म्हणजे शेवटच्या दिवशी दुसऱ्या बोर्डावरून उतरवून घ्यायची वस्तू, असाच सर्वसाधारण समज आहे. हा समज चुकीचा आहे आणि महागही पडतो. त्याची साक्ष गेल्या साडेतीन दशकांचा इतिहास देतो. हा थ्रेड त्या इतिहासाचा.

३/ मुळात असे वर्णन लागते कशाला? मेजावरच्या संगणकात पीसीआय किंवा यूएसबीवर एखादे उपकरण जोडले, की ते स्वतःची ओळख सांगते : उत्पादकाचा क्रमांक अमुक, उपकरणाचा क्रमांक तमुक. ऑपरेटिंग सिस्टीम विचारते, उपकरण उत्तर देते. परंतु राऊटर, मोबाइल, वीजमीटर किंवा शेतातील पंपाचे नियंत्रक यांच्या पोटातील बोर्डांवर बहुतेक चिपा मुक्या असतात. त्या असतात, काम करतात, पण ‘मी कोण’ हे सांगण्याची सोय त्यांच्यात नसते.

४/ आयटूसी या दोन तारांच्या वाहिनीवर बसवलेला तापमानाचा सेन्सर घ्यावा. षोडशमान पद्धतीतील ४८ या पत्त्यावर हाक मारली तर तिथून ‘ओ’ येईल. पण ओ देणारा सेन्सर आहे, घड्याळ आहे की आणखी काही, हे त्या हाकेवरून कळत नाही. ज्याने बोर्ड आखला त्यालाच ते ठाऊक असते. म्हणजे ज्ञान माणसाजवळ आणि गरज यंत्राला. या दोहोंमधील अंतर कसे भरून काढायचे, हाच या इतिहासाचा मूळ प्रश्न.

५/ पहिले ठळक उत्तर सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीत आकाराला आले. १९८९ मध्ये आलेल्या स्पार्कस्टेशन १ या यंत्रात ओपनबूट नावाचे फर्मवेअर होते. त्याचा कर्ता मिच ब्रॅडली. फोर्थ या छोटेखानी भाषेवर उभारलेले हे फर्मवेअर यंत्र सुरू होताच सर्व भागांची एक वंशावळ तयार करी : मुळाशी यंत्र, त्याखाली वाहिन्या, वाहिन्यांखाली उपकरणे. विस्तार-कार्ड आपले वर्णन स्वतःच्या रॉममध्ये घेऊन येई. ते कोणत्याही एका प्रोसेसरच्या भाषेत बांधलेले नसे.

६/ ही कल्पना सनपुरती राहिली नाही. १९९४ मध्ये आयईईई १२७५ या क्रमांकाचे मानक प्रसिद्ध झाले आणि ओपन फर्मवेअर हे नाव रूढ झाले. ॲपलच्या पॉवरपीसी मॅकिंटॉश यंत्रांनी आणि आयबीएमच्या पॉवर कुळातील यंत्रांनी ते स्वीकारले. परस्परांच्या कट्टर स्पर्धक कंपन्या एका बाबतीत सहमत झाल्या होत्या : यंत्राचे वर्णन ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोटात असू नये. ते बाहेर असावे आणि जो येईल त्याला वाचता यावे.

७/ या परंपरेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाच्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपमध्ये ओपन फर्मवेअरच होते आणि त्यावर काम करणारा माणूसही तोच, मिच ब्रॅडली. भारतातील या लॅपटॉपचा प्रारंभिक प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट या लहानशा गावच्या एकशिक्षकी शाळेत झाला. सनच्या महागड्या यंत्रांसाठी जन्मलेली वर्णनाची पद्धत अशी अठरा वर्षांत डोंगराळ भागातील मुलांच्या हाती आली होती, अर्थात त्यांच्या नकळत.

८/ मात्र या पद्धतीला एक मर्यादा होती. ओपन फर्मवेअर हा जिवंत कार्यक्रम होता. वर्णन हवे असेल तर त्यालाच विचारावे लागे. छोट्या बोर्डांवर एवढे मोठे फर्मवेअर बसवणे परवडणारे नव्हते. शिवाय चालू कर्नलमधूनच दुसरा कर्नल सुरू करायचा, तर मागे पडलेल्या फर्मवेअरला पुन्हा बोलावता येत नसे. २००५ मध्ये पॉवरपीसीवरील लिनक्सचे प्रमुख विकासक बेंजामिन हेरेन्श्मिट यांनी यावर तोडगा काढला : वंशावळीचा झाड-आकार तसाच ठेवायचा, पण तिला सपाट करून निव्वळ माहितीचा ठोकळा बनवायचे.

९/ याच ‘सपाट’ डिव्हाइस ट्रीसाठी डेव्हिड गिब्सन यांनी डीटीसी हा कंपायलर लिहिला. माणसाने वाचण्याजोगा मजकूर एका बाजूने आत जातो, यंत्राने वाचण्याजोगा ठोकळा दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. त्या ठोकळ्याच्या आरंभी ओळखीची खूण म्हणून एक षोडशमान संख्या असते : डी ० ० डी एफ ई ई डी. इंग्रजीत ती ‘डूड फीड’ अशी वाचता येते. गंभीर दस्तऐवजाच्या माथ्यावर लेखनिकाने सोडलेली ही मिस्कील खूण आजही कोट्यवधी यंत्रांत जशीच्या तशी आहे.

१०/ परिणाम लवकरच दिसला. लिनक्समध्ये ३२ आणि ६४ बिटांच्या पॉवरपीसीसाठी दोन वेगळे संसार होते. ते एकत्र करताना नियम ठरला, की नव्या घरात येणाऱ्या प्रत्येक बोर्डाने डिव्हाइस ट्री आणावी. २००८ मध्ये जुने घर पाडले गेले. त्याच वर्षी पॉवर डॉट ऑर्ग या उद्योगसंघाने ईपीएपीआर ही संहिता काढली. तिचाच वारसा पुढे घेऊन २०१६ मध्ये डिव्हाइसट्री स्पेसिफिकेशनची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली.

११/ याच काळात एआरएमच्या प्रांतात मात्र निराळेच चित्र होते. तिथे प्रत्येक बोर्डासाठी सी भाषेतील एक स्वतंत्र फाइल कर्नलमध्येच लिहिली जाई. प्रत्येक बोर्डाला एक क्रमांक मिळे आणि त्या क्रमांकांची नोंदवही रसेल किंग सांभाळत. बूटलोडर कर्नलला एवढेच सांगे : ‘क्रमांक अमुक.’ पुढचे सारे कर्नलने पाठ केलेले असावे, ही अपेक्षा. मोबाइल आणि राऊटरांची लाट आली, क्रमांक हजारोंच्या घरात गेले आणि जवळजवळ एकसारख्या फाइलींचे ढीग साचले.

१२/ हा गुंता लिनस टॉरवाल्ड्सच्या डोळ्यांत खुपू लागला. २०१० मध्ये त्यांनी एआरएमच्या जुळणी-फाइलींच्या आकाराबद्दल तक्रार केली आणि पाठोपाठ लाखाहून अधिक ओळी छाटल्या गेल्या. मार्च २०११ मध्ये त्यांचा संयम सुटला. एआरएमचे लोक एकमेकांच्या फाइलींवर पाय देत आहेत, सामाईक विचार कुणीच करत नाही, असे त्यांनी जाहीर पत्रव्यवहारात अत्यंत शिवराळ शब्दांत सुनावले. इतिहासात असे क्षण थोडे असतात, जेव्हा एका रागावलेल्या पत्राने एका क्षेत्राची घडी बदलते. हा त्यातलाच एक.

१३/ अर्थात पत्राने केवळ दार ढकलले. वाट आधीच आखलेली होती. ग्रँट लाइकली, रॉब हेरिंग, आर्न्ड बर्गमन आदी मंडळींनी डिव्हाइस ट्री एआरएममध्ये आणली. डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या ३.७ या आवृत्तीत निरनिराळ्या कंपन्यांच्या एआरएम चिपांसाठी एकच कर्नल बांधणे शक्य झाले. कर्नल एक, वर्णने अनेक. ज्ञानाची जागा बदलली : ते प्रोग्राममधून निघून दस्तऐवजात आले. या थ्रेडच्या दृष्टीने महत्त्वाचा बदल तोच.

१४/ तरीही घर बदलताना अडगळही सोबत येते. घाईघाईत कित्येकांनी सी फाइलीतील मजकूर जसाच्या तसा वर्णनफाइलीत ओतला. सामान्य वापरकर्त्यालाही धग लागली. २०१५ च्या आरंभी रास्पबेरी पायने ३.१८ कर्नलसह डिव्हाइस ट्री आपोआप लागू केली. बोर्डावर सेन्सर किंवा ध्वनीची जोड-पट्टी लावून बसलेल्या अनेक हौशी मंडळींची उपकरणे अद्ययावत केल्यावर गप्प झाली. जुळणीच्या फाइलीत एक-दोन नव्या ओळी लिहिल्यावरच ती पुन्हा बोलू लागली. ‘हे नवे लोढणे कशाला?’ हा प्रश्न त्या वेळी सर्रास विचारला गेला. त्यात वैताग होता आणि तो अस्थानी नव्हता.

१५/ त्या वैतागाचे उत्तर एका जुन्या भेदात आहे. कागदपत्रांच्या अभ्यासकाला यादी आणि हुकूम यांतील फरक शिकवावा लागत नाही. यादी सांगते, ‘कोठारात इतके खंडी भात आहे.’ हुकूम सांगतो, ‘इतके भात किल्ल्यावर पाठवावे.’ हुकूम त्या दिवसापुरता. यादी खरी असेल तर शंभर वर्षांनीही कामाची. डिव्हाइस ट्री ही यादी आहे. बोर्डावर काय आहे, एवढेच तिने सांगायचे. ड्रायव्हरने काय करावे, हे सांगण्याचा मोह झाला की तिचे मोल उतरते.

१६/ आता २०१९ च्या प्रसंगाकडे परत यावे. गिगाबिट इथरनेटची चिप आणि प्रोसेसर यांच्यामध्ये आरजीएमआयआय नावाचा दुवा असतो. त्यातील घड्याळाचा ठोका १२५ मेगाहर्ट्झचा, म्हणजे एक आवर्तन ८ नॅनोसेकंदांचे. माहिती दोन्ही कडांवर जाते, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला ४ नॅनोसेकंद येतात. ठोका तुकड्याच्या मधोमध पडावा यासाठी तो साधारण २ नॅनोसेकंदांनी मागे ओढावा लागतो. हा विलंब बोर्डावरील तांब्याची वाट लांब करून साधता येतो किंवा चिपच्या आत घालता येतो. दोन्ही ठिकाणी घातला तर घोटाळा, कुठेच न घातला तरी घोटाळा.

१७/ विलंब कुणाकडे, हे वर्णनफाइलीतील एक शब्द सांगतो. नुसते ‘आरजीएमआयआय’ लिहिले तर अर्थ असा, की चिपने स्वतः काही घालू नये. ‘आरजीएमआयआय-आयडी’ लिहिले तर विलंब चिपने घालावा. अनेक बोर्डांवर तांब्याच्या वाटा साध्याच होत्या, विलंब चिपनेच घालणे आवश्यक होते, पण फाइलीत नुसते ‘आरजीएमआयआय’ लिहिले गेले. तरी नेटवर्क चालत होते. कारण एथेरॉस कुळातील त्या चिपमध्ये सुरू होतानाच विलंब चालू असे आणि ड्रायव्हर तो बंद करत नसे. एक चूक दुसऱ्या चुकीला झाकत होती.

१८/ २०१९ मध्ये ड्रायव्हर वर्णनाप्रमाणे वागू लागला. फाइल म्हणाली ‘विलंब नको’, त्याने विलंब बंद केला आणि नेटवर्क गेले. मग एकेका बोर्डाच्या फाइलीत तो एक शब्द दुरुस्त करत बसावे लागले. २०२० मध्ये रियलटेकच्या एका चिपबाबत हेच नाट्य पुन्हा घडले आणि आणखी काही बोर्डांच्या फाइली सुधाराव्या लागल्या. ज्यांनी मूळ शब्द लिहिला होता, त्यांना त्याचा त्रास झालाच नाही. तो झाला कित्येक वर्षांनी, दुसऱ्याच कुणाला. अस्वच्छ वर्णनाचे कर्ज नेहमी असेच फेडले जाते : घेणारा एक, फेडणारा दुसरा.

१९/ अशी किरकोळ वाटणारी असत्ये पुष्कळ आहेत. ड्रायव्हर स्वतः वीज मागत नाही, म्हणून वीजपुरवठ्याला ‘सदैव चालू’ असा शेरा मारायचा. ही हार्डवेअरची गरज नव्हे, ती त्या दिवसाची अडचण आहे. ड्रायव्हर सुधारला तरी बॅटरी झिरपत राहते. इंटरप्टची पातळी खरी कोणती हे आराखड्यात न पाहता शेजारच्या फाइलीतून उचलायची. चिपचे नेमके नाव देण्याऐवजी शेवटच्या अंकांच्या जागी फुली टाकून साऱ्या कुळाला एकच नाव द्यायचे. पुढे त्याच कुळात निराळ्या स्वभावाची चिप जन्मते, तेव्हा त्या फुलीचा अर्थ कुणालाच लावता येत नाही.

२०/ म्हणूनच स्वच्छ लेखनाचे नियम निव्वळ टापटीप म्हणून पाहू नयेत. ‘कॉम्पॅटिबल’ या नोंदीत आधी नेमकी चिप लिहावी, नंतर तिच्याशी जुळणारी जुनी. नोडचे नाव कामावरून द्यावे, मॉडेलवरून नव्हे : ‘इथरनेट’, ‘सिरियल’, ‘टेम्परेचर-सेन्सर’. नावापुढचा पत्ता आणि आतील ‘रेग’ या नोंदीतील पत्ता एकच असावा. चिपच्या पोटातील सारे भाग सामाईक फाइलीत ‘डिसेबल्ड’ म्हणून नोंदवावेत आणि बोर्डाच्या फाइलीत जे खरोखर जोडले आहे तेवढेच ‘ओके’ करावे. या प्रत्येक नियमामागे कुणाची तरी वाया गेलेली रात्र आहे.

२१/ हे शहाणपण फार काळ तोंडीच होते. तपासनीस प्रत्येक नवागताला तेच तेच सांगत. २०१९ च्या सुमारास वर्णनाचे नियम यॅमल स्वरूपातील आकृतिबंधात लिहिण्यास सुरुवात झाली, जेणेकरून तपासणी यंत्रानेच करावी. २०२३ मध्ये एआरएमच्या एकाच कप्प्यात कोंबलेल्या शेकडो फाइली उत्पादकनिहाय कप्प्यांत विभागल्या गेल्या. त्यानंतर लवकरच कर्नलच्या दस्तऐवजांत वर्णनफाइलींची लेखनशैली अधिकृतपणे नोंदली गेली : पत्त्यांच्या चढत्या क्रमाने नोड, आधी ‘कॉम्पॅटिबल’, मग ‘रेग’, मग उरलेल्या नोंदी, शेवटी ‘स्टेटस’. मौखिक परंपरेची लिखित संहिता होण्याचा हा प्रवास इतिहासाच्या विद्यार्थ्याला परका वाटणार नाही.

२२/ या आग्रहावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की ही शिस्त नवख्यांना हाकलून लावते. एका सेन्सरच्या दहा ओळींसाठी आधी आकृतिबंध लिहा, मग पाच-सहा फेऱ्या सुधारणा करा. विद्यार्थी कंटाळून निघून जातो. हे खरे आहे. त्यावरचा इलाज मात्र नियम सैल करण्यात नाही. नियमामागचे कारण सांगण्यात तो आहे. ‘स्टेटस शेवटी लिही’ ही आज्ञा रुक्ष वाटते. बोर्डाची फाइल चाळणाऱ्याला कोणते भाग चालू आहेत हे ठरलेल्या जागी सापडावे, असे सांगितले की तीच आज्ञा सौजन्य ठरते.

२३/ दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. वर्णन जर कोणत्याही एका ऑपरेटिंग सिस्टीमचे नाही, तर त्याच्या फाइली लिनक्सच्याच घरात का राहतात? एकदा लिहिलेले वर्णन पुढच्या कर्नलनेही मानावे, हे वचन खरोखर पाळले जाते का? २०१३ च्या ऑक्टोबरात एडिनबरो येथे एआरएमच्या विकासकांनी यावर बराच खल केला, तरी व्यवहार आणि आदर्श यांत अंतर राहिलेच. परंतु चित्र अगदीच निराश करणारे नाही. यू-बूट या बूटलोडरने २०२४ पासून स्वतंत्र प्रती पोसण्याऐवजी मूळ सामाईक संग्रहातील वर्णने थेट घेण्याची सोय केली. झेफिरसारख्या छोट्या प्रणालीही हीच भाषा बोलतात. दस्तऐवज जितक्या अधिक वाचकांच्या हाती जातो, तितके त्यातील असत्य लवकर उघडे पडते.

२४/ आता पणाला काय लागले आहे, ते पाहावे. उत्पादक दोन-तीन वर्षांनी मोबाइल किंवा राऊटर विसरून जातो. यंत्र धडधाकट असते, पण त्याचे वर्णन कंपनीच्या जुन्या, बंदिस्त कर्नलमध्ये हुकूम आणि यादी यांची खिचडी होऊन पडलेले असते. नवा कर्नल त्यावर चढत नाही, सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबतात आणि यंत्र भंगारात जाते. २०१७ मध्ये सुरू झालेला पोस्टमार्केटओएस हा प्रकल्प मोबाइलचे आयुष्य दहा वर्षांपर्यंत नेण्याचे ध्येय ठेवून निघाला. मूळ कर्नलवर फोन आणायचा, तर त्या कामाचा मोठा भाग म्हणजे त्याचे खरे, स्वच्छ वर्णन लिहिणे.

२५/ आणखी एक उदाहरण बोलके आहे. ॲपलच्या एम-वन यंत्रांवर लिनक्स आणणाऱ्या असाही प्रकल्पातील स्वयंसेवकांपाशी उत्पादकाने प्रसिद्ध केलेले तांत्रिक माहितीपत्रक नव्हते. त्यांनी यंत्राचे वर्तन पाहून, मोजून, पडताळून वर्णने लिहिली. जून २०२१ मधील ५.१३ या आवृत्तीत त्या यंत्रांचा प्राथमिक आधार दाखलही झाला. बखर उपलब्ध नसताना शिलालेख, नाणी आणि अवशेषांवरून इतिहास उभा करावा, तसेच हे काम. मूळ साधन उपलब्ध नाही म्हणून त्यांनी कल्पनेने जागा भरल्या नाहीत. जे पडताळले तेवढेच लिहिले.

२६/ भारतात हा विषय यापुढे दूरचा राहणार नाही. आयआयटी मद्रासचे शक्ती आणि सी-डॅकचे वेगा हे प्रोसेसर रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावर उभे आहेत. २०२२ मध्ये केंद्र शासनाने त्यासाठी डीआयआर-व्ही हा कार्यक्रम जाहीर केला. रिस्क-फाइव्हच्या छोट्या बोर्डांवर लिनक्स सुरू होताना कर्नलच्या हाती जी पहिली कागदपत्रे पडतात, त्यांत डिव्हाइस ट्री असते. पुण्यात किंवा चेन्नईत उद्या जो विद्यार्थी असा बोर्ड आखील, त्याला तिचे वर्णनही लिहावे लागेल. तिथे दुसऱ्याची फाइल उतरवून काढली, तर दुसऱ्याच्या चुकाही उतरतील.

२७/ आखणाऱ्याच्या टेबलावर आराखडा असतो, चिपची माहितीपत्रिका असते, बोर्ड असतो. या तिन्ही साधनांचा मेळ घालून लिहिलेली ओळ म्हणजे समकालीन साक्षीदाराची साक्ष. पाच वर्षांनी आराखडा हरवतो, माणूस नोकरी बदलतो, कंपनी विकली जाते. उरते ती फाइल. त्या वेळी ती वाचणाऱ्यापाशी लेखकाला विचारण्याची सोय नसते. ‘चालते आहे’ हा शेरा त्याला काहीच सांगत नाही. ‘असे आहे’ हे वाक्य सारे काही सांगते.

२८/ १९८९ च्या स्पार्कस्टेशनपासून आजच्या रिस्क-फाइव्हपर्यंत प्रोसेसर बदलले, कंपन्या बुडाल्या, १२७५ हे मानकही आयईईईने पुढे चालू ठेवले नाही. टिकली ती एक साधी कल्पना : यंत्र काय आहे हे खरेखुरे, क्रमाने, कुणालाही वाचता येईल असे लिहून ठेवावे. २०१९ मध्ये ज्यांचे नेटवर्क गेले, त्यांना तो एक चुकलेला शब्द शोधून काढावा लागला. पहिल्याच दिवशी कुणी बोर्डाचा आराखडा उघडून तो शब्द पडताळला असता, तर त्या कामाला दहा मिनिटे पुरली असती.

(समाप्त)